पाहुण्यांचा फिल्टर

स्टॅनमोर, लंडन, शनिवार, ऑगस्ट २००६

हाताला चार टाके पडलेत, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी गावाहून दादाचा फोन आला. मनी गेली. माझी पुतणी, सहा वर्षांची. विहिरीत गटाराचं पाणी शिरलं, गावात गॅस्ट्रोची साथ आली, दोन दिवसांत पोर संपली.

मी ओरडलोच, "अरे, दिवाळीत आलो तेव्हा पाण्याचा फिल्टर बसवून दिला होता ना?"

"आहे की. तुझ्या वहिनीनं क्रोशाचं कव्हर विणलंय त्याला."

"मग पाणी?"

"तुम्ही आलात की भरू. एरवी कशाला खराब करायचा?"

क्रोशाचं कव्हर! फोन भिंतीवर फेकला. मग किचनमधला काचेचा जग. मग कपाटाच्या काचेवर नुसती मूठ. दादा समोर असता तर गळा दाबला असता त्याचा. पोर गेलेल्या बापाचा? हो, दाबला असता. शेजारची म्हातारी दार वाजवून विचारून गेली, पोलिसांना बोलावू का?

डोळ्यांसमोरून ते कव्हर हलत नाही.

बायको, सुनीता, काचा गोळा करत होती. मी म्हटलं, "अडाणी आहेत साले. दुसरं काय!"

तिनं मान वर केली नाही. "दिवाळीत मनी पेला घेऊन फिल्टरपाशी आली होती. तू काय म्हणालास तिला?"

आठवतंय. हसत म्हणालो होतो, "हे लंडनच्या पाहुण्यांचं पाणी, मने. त्यांना तुमचं सोसत नाही."

आणि ती निमूट हंड्याकडे वळली होती.