ताम्हणातली उल्का

प्रिय सिद्धूदादा,

कुरिअरचं पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण सध्या मी चार दिवस घरी आलेय, आणि नाहूरच्या आपल्या दीड खोलीत फोनवर बोललेलं आईच्या कानावर गेलं नाही, असं कधी झालंय का? आणि हे तिला इतक्यात कळायला नको.

आधी चांगली बातमी. जैसलमेरच्या तुझ्या सोलर साइटजवळ वाळूत सापडलेला तो काळा दगड तू गणपतीत माझ्यासाठी आणलास ना, तो खरंच आभाळातून पडलेला आहे रे! केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कोळशासारख्या काळ्या भुकटीत बारीक बारीक गोल दाणे. कार्बनी कॉन्ड्राइट म्हणतात याला, उल्कांमध्येही दुर्मीळ. त्याचा वर्ग ठरवायचं काम माझ्या गाईडनी, हर्षद सरांनी, मला दिलं. मी लॅबमध्येच नाचले. वाटलं, आता पीएचडीचं भलं झालं.

आता माझी जी वाट लागली आहे ती ऐक. तू दगड फ्रिजवर ठेवून परत गेलास तेव्हा मी अहमदाबादला, लॅबमध्ये होते. दोन महिन्यांनी घरी आले तर फ्रिजवर दगड नाही! तो होता देवघरात, ताम्हणात, कपाळाला चंदन लावून. आई म्हणाली, 'अगो, झिलाच्या हातसून शाळीग्राम गावलो माका.' लेकाने आणलेला देव म्हणून रोज आंघोळ, एकादशीला पंचामृत. दूध, दही, मध, सगळं त्या बिचाऱ्याच्या अंगावर. तिला काय ओरडणार? इतकी खूश होती. तुझी आठवण आली की त्यालाच हात लावायची. तिची समजूत काढून मी तो पुसून घेऊन गेले. सरांनी विचारलं, दगड कोरडा होता ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो सर, सापडल्यापासून पिशवीत बंद. नोंदवहीतही तसंच लिहिलं.

तसं वर्गाचं काही बिघडलेलं नाही. दगडात पाण्यामुळे बदललेली खनिजं आहेत, पण ती अब्जावधी वर्षांपूर्वी आभाळात असतानाच झालीत, आईच्या पळीभर पाण्याने नाही. हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते. पण गेल्या आठवड्यात दगडात अमिनो आम्लं सापडली, म्हणजे जिवंत गोष्टी ज्यांच्यापासून बनतात ते पदार्थ. उल्केत ती मिळणं मोठी गोष्ट. सरांनी पेढे वाटले, लेख लिहायला घेतला, वर माझं नाव पहिलं घातलं. आणि मला समोर दिसत होती फक्त दुधाची वाटी. पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. त्यातलं आभाळातलं किती आणि आपल्या दूधवाल्याचं किती, देव जाणे. तीनदा सरांच्या दारापर्यंत गेले, तीनदा चहा घेणार का विचारून परत आले. झोप नाही, जेवण नाही. आईला वाटतंय माझं कुठेतरी जमलंय.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. सोमवारी सरांची तुला मेल येईल. दगड सापडल्यापासून लॅबमध्ये येईपर्यंत कुठे आणि कसा ठेवला होता, हे ज्याला तो सापडला त्याच्या सहीने हवं असतं. मला माहितीय, तू आधी मला विचारशील आणि मी सांगेन तेच लिहून सही करशील. लोणच्याची बरणी मी फोडली आणि मार तू खाल्लास, तेव्हाही असंच केलंस. या वेळी नको रे. फ्रिज, ताम्हण, दूध, चंदन, सगळं लिही. मीही सोमवारीच सांगायचं ठरवलंय, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझं खरं उत्तर सरांच्या हातात असेल, तर मला चहा विचारून परत येता येणार नाही.

तुझीच, घाबरट
निधी