रोज किती घेता?

३ सप्टेंबर

मोठ्या मॅडमनी आज वर्गात एकेकाला उभं केलं. 'उद्या डॉक्टर व्हाल. कोणता पेशंट समोर आला की तुमच्या कपाळाला आठी पडते? खरं बोला.' माझी रूममेट चष्मिष म्हणाली, गुगलवर वाचून येणारे. सगळे हसले. माझी पाळी आली आणि मी ताडकन म्हणाले — दारुडे! शेवटच्या बाकावरचे जागे झाले.

मॅडम हसल्या नाहीत. 'घरी कोणी?'

'वडील.'

'मग तुला डोळ्यांत तेल घालून राहावं लागेल. मनातली अढी जात नाही. तिच्यावर पाळत ठेवायची.'

अढी म्हणे! आईचा सुजलेला गाल यांनी पाहिलाय? शेजारी बाबांना बखोटीला धरून दारात आणून सोडायचे, ते? सुट्टीत घरी गेले तरी ते एका खोलीत, मी दुसऱ्या. वर्षानुवर्षं बोलत नाही मी त्यांच्याशी. आणि त्यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

५ सप्टेंबर

वॉर्डात नवा पेशंट. निवृत्त शिक्षक, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेला. सगळे गुरुजीच म्हणायला लागलेत. एवढ्या वेदनेत मला म्हणाले, 'बाळ, तू जेवलीस का?' असं विचारणारा हा पहिलाच पेशंट!

माहिती मीच लिहून घेतली. साखर, रक्तदाब, गोळ्या. 'दारू?' पाशी आले आणि जीभच उचलेना. असल्या देवमाणसाला असलं कोण विचारतं! सरळ 'नाही' लिहिलं. पायथ्याशी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर केली, परत खाली घातली.

शेजारच्या खाटेवर एक हमाल. त्याच्याकडे न बघताच विचारलं, 'रोज किती घेता?' म्हणाला, 'ताई, थेंबाला शिवत नाही.' मी पुन्हा विचारलं.

८ सप्टेंबर



ऑपरेशन छान झालं होतं. आज सकाळपासून गुरुजी चादरीवरच्या मुंग्या झटकत होते. मुंगी एकही नव्हती. दुपारी सलाईन उपटलं, खाटेवरून उतरायला निघाले. मी धरायला गेले तर मला अशी शिवी घातली — ती मी आजवर फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती. चौघांनी धरून बांधलं.

सिनियरने बायकोला बाजूला घेतलं. 'रोजची होती,' ती म्हणाली. 'या ताईंनी विचारलंच नाही, मग मीही बोलले नाही. चारचौघांत अब्रू असते हो.'

सिनियरने माझं 'नाही' माझ्याच नाकासमोर धरलं. 'रोजची दारू एकदम तुटली की शरीर असं पिसाळतं. माहीत असतं तर आधीच औषध सुरू केलं असतं. तुझ्या या एका शब्दाने माणूस जाईल!'

९ सप्टेंबर

गुरुजी आयसीयूत. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

१२ सप्टेंबर

वाचले! शुद्धीवर आलेत, पण नजर देत नाहीत. मीही देत नाही.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. हमालाचंही मीच सांगितलं. 'आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं! आवडला त्याला विचारलं नाहीस, नावडला त्याचं ऐकलं नाहीस.' रडले मी. त्यांनी रडू दिलं आणि मग सांगितलं — प्रत्येकाला विचारायचं. त्याच शब्दांत, त्याच आवाजात, तोंडाकडे बघून. आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं.

खोलीवर चष्मिषला पेशंट करून घोकलं. 'रोज किती घेता?' 'चहा की शिव्या?' म्हणाली मेली.

१९ सप्टेंबर

आता अडखळत नाही. एका आजीबाईंनाही विचारलं! पदर तोंडाला लावून हसल्या. हमाल घरी गेला. जाताना त्याची माफी मागितली. 'असू दे ताई, मला सगळेच दोनदा विचारतात,' म्हणाला. त्याचं वाईट वाटत राहिलं.

राउंडला मॅडम सर्वांदेखत म्हणाल्या, 'ही शिकतेय.' दिवसभर हवेत होते.

२३ सप्टेंबर

संध्याकाळी वॉर्डात असतानाच आईचा फोन. बाबा भिंतीला धरून चालतायत, जीभ जड झालीय, काय बोलतात कळत नाही. म्हटलं, 'त्यात नवीन काय? कुशीवर निजव. उतरेल सकाळपर्यंत.' 'अगं, पण ऐक तरी —' 'आई, मला काम आहे.' ठेवला.

सगळा मूड घालवला. जाऊ दे.

२५ सप्टेंबर

रात्रीच्या गाडीने गावी पोचले, थेट दवाखान्यात. बाबांची उजवी बाजू गेली. वाचाही. मेंदूतली गुठळी. इथला डॉक्टर म्हणाला, परवा लगेच आणायला हवं होतं. मग त्याने विचारलं, 'दारू घेतात?'

'रोज,' मी म्हणाले.

'नाही हो,' मागून आई म्हणाली. 'वर्ष होत आलं सोडून.' मग माझ्याकडे वळली. 'आपणहून सांगायची लाज वाटायची गं त्यांना. म्हणायचे, ती विचारेल तेव्हा सांगेन.'