धाप लागेपर्यंत

आई,

आज सकाळी कुकर लावला. शिट्टी व्हायला वेळ होता, म्हणून ओट्याला हात टेकून मी उठाबशा काढल्या. पहिल्या काही सोप्या जातात. मग मांड्या भरून येतात, कानात ठोके ऐकू यायला लागतात आणि छातीत ती धाप सुरू होते. तू पाहिलं असतंस तर मला दंडाला धरून खाली बसवलं असतंस, कपाळावरून ओला हात फिरवला असतास आणि म्हणाली असतीस, निधान, निधान. मराठी बोलता बोलता हा एक कानडी शब्द तू दिवसभर वापरायचीस. सावकाश. जेवताना, जिना चढताना, एवढंच काय, मी फार हसायला लागले तरी. आज मी बसले नाही. पण ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करायला बोटं सोडवावी लागली.

हे खूळ माझ्या मनाचं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. साखर काठावर आली आहे, रक्तदाबही थोडा वर. त्यांनी छातीला वायरी लावून मला त्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं, आणि पट्टा सुरू व्हायच्या आधीच मला रडू आलं. तिथली नर्स बिचारी घाबरली. अहवाल चांगला आला. डॉक्टरबाईंनी विचारलं की याआधी तुम्हाला धाप कधी लागली होती, आणि मला आठवेना. बाळंतपण सोडलं तर एकही दिवस आठवेना. मी म्हटलं, व्यायामाला वेळ नाही. ते खोटं नव्हतं. सकाळी डबे, मग नऊला मी कानाला हेडफोन लावून बसते ती संध्याकाळपर्यंत. एका विमा कंपनीला लोक फोन करतात, त्यांच्याशी नीट बोललं गेलं की नाही हे रेकॉर्डिंग ऐकून तपासायचं, हे माझं काम. घरूनच असतं. बाई म्हणाल्या, मग तुकड्या-तुकड्यांत करा. मिनिट-दीड मिनिट, दिवसातून काही वेळा, घरातल्या घरात, जिन्यावर, कुठेही. पण जोरात करा. बोलायला गेलात तर वाक्य पुरं होऊ नये. थोडी धाप लागलीच पाहिजे, तेच औषध. मी मान हलवून घरी आले आणि कितीतरी दिवस काहीच केलं नाही.

त्यांना मी अण्णांचं सांगितलं होतं. वडील हृदयविकाराने गेले, वय अमुक, एवढंच. बाकीचं कसं सांगणार. चामराजपेटेतला आपला जिना किती उभा होता ते तुला ठाऊक आहे. रिक्षातून तांदळाचं पोतं आलं होतं. रिक्षावाला म्हणत होता की सार, स्वल्प थांबा, मी आणून देतो, आणि अण्णा त्याला म्हणाले की तू रिक्षा बघ, पोलीस येईल. मी वरच्या पायरीवर उभी होते. ते पोतं खांद्यावर घेऊन वर आले, उंबऱ्याशी टाकलं आणि त्याच्यावरच बसले. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांना हसू येत होतं. हाताने पाण्याची खूण केली. मी आत गेले. तू रुब्बुगुंड्यावर इडलीचं वाटत होतीस, त्या दगडाच्या आवाजात तुला काही ऐकू आलं नव्हतं. मी तांब्यातून पाणी ओतून बाहेर आणलं. अण्णा भिंतीला पाठ टेकून बसले होते. तोंडावर हसू तसंच होतं. मला वाटलं, धाप ओसरायची आहे. मी भांडं हातात धरून ती ओसरायची वाट बघत उभी राहिले. तू येईपर्यंत उभी होते.

त्यानंतर आपल्या घरात कुणी धापा टाकल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर तू एक स्टूल ठेवलंस. शाळेतून आलं की आधी त्यावर बसायचं, मग वर यायचं. खालचा छापखानेवाला विचारायचा, काय अक्का, इथे तिकीट देणार का? शाळेत ड्रिलच्या तासाला मी बसून राहावं म्हणून तू डॉक्टरांची चिठ्ठी मिळवलीस. मला काहीही झालेलं नव्हतं. मी कडुलिंबाखाली सगळ्यांच्या चपला आणि डबे सांभाळत बसायचे. मुली मला अज्जी म्हणायच्या. पळता पळता येऊन, अज्जी, पाणी दे, म्हणायच्या आणि त्यांच्या लाल तोंडाकडे बघून मला खरंच आजीसारखी काळजी वाटायची. मला वाटायचं, यातली एखादी आता हसत हसत बसेल. तू सांगायचीस की काळजाचे ठोके जन्मताना मोजून दिलेले असतात, ते उधळायचे नाहीत. मी ते खरं मानलं. तुझ्यावर कधी चिडले नाही. मला तर तुझ्या पाठीमागे लपायला मिळत होतं.

आणि तू स्वतः किती जपलंस. आधी मार्केटला जाणं सोडलंस, मग जिना उतरणं. माझ्या लग्नात तुला खुर्चीत बसवून खाली आणलं. शेवटी शेवटी तर मोरीपर्यंत जायलाही भिंत धरायचीस. साधा ताप आला आणि तू त्यातून उठलीच नाहीस. तेव्हा दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की अंगात ताकदच राहिली नव्हती, पायांचं मांस गेलं होतं, खोकायलाही जोर नव्हता. मी विचारलं, हृदय? तो म्हणाला, हृदय शेवटपर्यंत उत्तम होतं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याने ते मला धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

अण्णा ज्या वयात गेले ते वय मी गेल्या वर्षी ओलांडलं. तेव्हापासून झोप उडाली, म्हणून तर डॉक्टरकडे गेले. शेवटी एकदा दुपारी दोन रेकॉर्डिंगच्या मधे हेडफोन काढला आणि जागच्या जागी पळाले. घरात कुणी नव्हतं. ठोके वाढले तशी मी जमिनीवर बसले आणि मनगट धरून वाट बघत राहिले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग माझी एक पद्धत ठरून गेली. सुरू करण्याआधी दाराची कडी काढून ठेवायची. दार नुसतं लोटलेलं. म्हणजे मी पडले तर लोकांना दार फोडावं लागू नये. मग जोरात पाय उचलायचे, आणि सगळा वेळ नजर दाराच्या फटीकडे.

समोर एक निवृत्त गृहस्थ राहतात, निपाणीकडचे, मराठी छान बोलतात. त्यांनी ते पाहिलं. एकदा मला म्हणाले, ताई, तुमचं दार रोज याच वेळी उघडं असतं, मांजर शिरेल हो. मी बरं म्हटलं. पण त्यांचं समाधान झालं नसावं. लिफ्टमध्ये त्यांनी ह्यांना गाठलं. रात्री जेवताना ह्यांनी आमटी वाढून घेता घेता विचारलं, रोज अकराला कोण येतं गं आपल्याकडे? सासर पुणेकरांचं माझं, थट्टा कळते मला, पण त्या दिवशी मी खरं ते सांगून टाकलं. कडीचंसुद्धा. हे हसायला लागले आणि मधेच थांबले. म्हणाले, "म्हणजे तू मरायची तयारी करून व्यायाम करतेस?" मी म्हटलं, हो. ह्यांनी थोड्या वेळाने पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ठोके दाखवणारं घड्याळ मागवतो म्हणाले. मी नको म्हटलं. आकडा दिसला तर मी तिथेच बसेन.

आमची मुलगी आठवीत आहे. तू तिला पाहिलं नाहीस. ती त्या रात्री हसली नाही, ताट उचलून आत गेली. भांडी विसळताना माझ्या शेजारी उभी राहिली आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली की तिने खो-खो सोडला. महिना होऊन गेला होता. शाळेच्या संघात निवड झाली होती तिची, मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं. मी विचारलं, का गं, पाय दुखतो का, कुणी बोललं का. ती नळाकडे बघत राहिली.

"मम्मा, मला धाप लागली की तू माझ्या तोंडाकडे बघतेस. मग मला पण वाटायला लागतं की आता काहीतरी होणारे. शेवटच्या दिवशी खुंटाला हात लागायच्या आधीच मी बसले खाली. मिसला सांगितलं, आमच्या घरात हार्टचं आहे."

मी तिला कधी चिठ्ठी दिली नाही, आई. पळू नको असं एकदाही म्हटलं नाही. ते शब्द तोंडाबाहेर काढायचे नाहीत एवढं मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं. मी फक्त बघत होते. आणि तिने तेवढ्यावरून सगळं शिकून घेतलं. स्वतःच्या छातीची इतकी वर्षं भीती वाटली, पण अशी नव्हती वाटली. मला ती दिसायला लागली, माझ्या वयाची, भिंत धरून मोरीकडे जाणारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला म्हटलं, चल, गच्चीपर्यंत जाऊ, जिन्याने. ती म्हणाली, तू? मी म्हटलं, मी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि गच्ची बरीच वर आहे. मी खालूनच चढायचं ठरवलं होतं, पण ते नको, इथूनच, असं तीच म्हणाली. ती पुढे, मी मागे. एक मजला बोलत गेलो. मग बोलणं तुटायला लागलं. माझा श्वास वाजत होता, पण मला माझा ऐकू येत नव्हता, मला तिचाच येत होता. शेवटच्या वळणावर ती वाकली, गुडघ्यांवर हात, तोंड लालबुंद, श्वास घसा खरवडत येत होता. निधान हा शब्द माझ्या घशापर्यंत आला. मी तो गिळला. मग लक्षात आलं की ती खाली वाकूनच माझ्याकडे बघते आहे, माझ्या तोंडावर काय दिसतं ते तपासते आहे. तोंडावर काय होतं मला माहीत नाही. मी मान फिरवली आणि खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. त्या टाकीवर दोन कावळे होते. तिची धाप हळूहळू उतरली. ती म्हणाली, मम्मा, तू पण किती आवाज करतेस, म्हशीसारखी. आणि उरलेल्या पायऱ्या पळत गेली. मी तिच्यामागे पळाले नाही. कठडा धरून गेले. पण थांबले नाही.

आता आम्ही रोज जातो. सोमवारपासून ती पुन्हा खो-खोला जायला लागली. ती मैदानात असते त्या वेळी मी कानाला हेडफोन लावून इथे बसलेली असते. लोक फोनवर विम्याचं विचारत असतात आणि मी त्यांचे श्वास ऐकत बसते. फोन वाजला की शाळेचाच असणार असं वाटतं. भीती गेलेली नाही. जाईल असंही दिसत नाही. डॉक्टरबाई म्हणतात चांगली प्रगती आहे, आणि मी त्यांना कसं सांगू की प्रत्येक वेळी सुरू करताना मी तुझ्याविरुद्ध काहीतरी करते आहे असं वाटतं. तू बरोबर होतीस की काय, याची भीती वाटते. आणि तू चुकली होतीस हे जर खरं असेल, तर त्या जिन्यावरच्या स्टुलाचं, तुझ्या त्या सगळ्या बसून काढलेल्या वर्षांचं काय करायचं, हे मला सुचत नाही.

हे कागद कपाटात राहतील. तुझा पत्ता असता तरी मी पाठवले नसते. लेक नातीला घेऊन गच्चीपर्यंत पळते आहे हे वाचून तुला धसका बसला असता, आणि तुला घाबरवायचं नाही ही सवय अजून सुटलेली नाही.

एक मात्र तुला सांगायचं राहून गेलं होतं. अण्णा गेल्यावर तू पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, माझ्या अंथरुणाशी यायचीस आणि पाठीवर तळहात ठेवून बसायचीस. मी जागी असायचे. डोळे मिटून श्वास अगदी सावकाश, अगदी सारखा घ्यायचे, म्हणजे तुझं समाधान होईल आणि तू उठून पाणी भरायला जाशील. आज पहाटे मी लेकीच्या खोलीत गेले आणि पांघरुणावरून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा श्वास फार संथ चालला होता, फार सारखा. झोपलेल्या माणसाचा तसा चालत नाही. मला ते लगेच कळलं. तरी हात उचलायला मला बराच वेळ लागला.