खालच्या मजल्याची बॅटरी

३ मे
आजपासून मी गल्लीच्या वीजगटाचा प्रमुख. छपरावरच्या पॅनेलची वीज दिवसभर घरच्या बॅटरीत साठवायची आणि संध्याकाळी सात ते नऊ कंपनीला द्यायची. कंपनी घराघरांतली वीज गोळा करून शहराला पुरवते. त्या दोन तासांत आपण एसी लावायचा नाही. मी छोटंसं भाषण केलं. एक घर मागे राहिलं तर गल्ली मागे राहील, असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. तिच्या हातात पिशवी होती.

९ मे, सायं. ७.२०
भयंकर उकाडा. प्रमुखाचं डोकं थंड राहणं गटाच्याच हिताचं. ॲपमध्ये 'राखीव' दाबून बॅटरी स्वतःकडे ठेवली, एसी लावला. फक्त दहा मिनिटं.

९ मे, ९.०५
डोळा लागला होता.

१० मे
कंपनीतल्या बाईंचा फोन. काल आमच्या घरातून वीज कमी आली. आमचं आणि खालच्या शिंपीणताईंचं मीटर एकच, त्यामुळे कंपनीला नुसती बेरीज दिसते. बिघाड कोणाच्या बॅटरीत, असं बाईंनी विचारलं. मी कोणाचंही नाव घेतलं नाही. खाली बघायला हवं, एवढंच म्हणालो. यात खोटं काही नाही. बघायला सगळीकडेच हवं.

१२ मे
कंपनीचा मेकॅनिक आला आणि ताईंची बॅटरी काढून घेऊन गेला. महिनाभर मिळणार नाही. दुपारी वीज गेली की त्यांचं शिलाई मशीन तिच्यावरच चालायचं. पंचवीस तारखेपर्यंत शाळेचे साठ युनिफॉर्म द्यायचेत त्यांना. मला जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेलं गेलं नाही.
निश्चय : उद्या सकाळी खरं सांगणे.

१३ मे
ताई कामात होत्या. कामातल्या माणसाला त्रास देऊ नये.

१५ मे
दुपारी वीज गेली. ताई पायरीवर बसून हाताने टाके घालत होत्या. मला बघून हसल्या. मी फोन कानाला लावून पुढे गेलो. फोन बंद होता. स्वतःची लाज वाटली. कोपऱ्यापर्यंत वाटली.

१७ मे
प्रायश्चित्त सुरू. खिडकीतून खाली वायर सोडली. माझी वीज ताईंना! त्यांनी गल्लीभर सांगितलं, भाऊ म्हणजे देवमाणूस. दोन वाजता मी एसी लावला आणि सगळंच ट्रिप झालं. ताईंना एक अख्खी कॉलर उसवावी लागली. तरी आभारच मानत होत्या. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

१९ मे
बायकोला सांगितलं. म्हणजे, 'समजा एखाद्या माणसाने' असं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, त्या माणसाने आधी एसी बंद करावा, मग खाली जावं.
पहिला भाग केला.

२१ मे
जिना उतरलो. ताईंचे डोळे लाल, बोटाला चिंधी. तोंडातून निघालं, काही लागलं तर सांगा. परत वर आलो. जिन्यावर रडू आलं. हे फार झालं आता.

२२ मे
तोंडावर जमत नाही म्हणून कंपनीला फोन केला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. बाई म्हणाल्या, माहीत आहे. ताईंची बॅटरी ठणठणीत होती, मेकॅनिकने तिथल्या तिथे सांगितलं होतं. पण ताईच म्हणाल्या, माझीच न्या. वर एसी चालू होता हे गल्लीला कळलं तर भाऊंना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, इतक्या हौसेने प्रमुख झालेत.
बाई पुढे म्हणाल्या, ताईंची उद्या परत बसवतो. वीज कमी देणाऱ्याची बॅटरी महिनाभर काढायची असा नियम आहे, तर तुमची काढायला कधी येऊ?
मी म्हणालो, सवडीने बघू.
बायकोने फोन हिसकावून घेतला आणि सकाळी आठची वेळ सांगितली.

२३ मे
बॅटरी गेली. सगळी गल्ली जमली होती. काय झालं, असं कोणीतरी विचारलं. खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी घसा साफ केला. तेवढ्यात ताई म्हणाल्या, भाऊंच्या बॅटरीत बिघाड झालाय, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष.
मी मान डोलावली.