माझी कनिकनी आणि कॉयरचे सुलु

३ जुलै
कमरेला, सुलुच्या, म्हणजे लुंगीच्या, गाठीखाली, गोल चट्टा. खाजतो. घाबरण्याचं कारण नाही, ही कनिकनी. यंगोनाच्या मुळाचं नशिलं पेय भरपूर पिणाऱ्याच्या कातडीला खवले धरतात, तीच. म्हणजे उशिरा का होईना, मी पक्का पिणारा झालो. मेव्हणा वाइसाके नेहमी म्हणतो, दाजी, तुम्ही यंगोना पीत नाही, नुसती हुंगता. आता दाखवतो त्याला.

४ जुलै
दाखवला. यंगोनाच्या लाकडी परातीभोवती सगळा गाव बसला होता. सुलु जरा खाली सरकवून एकेकाला चट्टा दाखवला. पाद्रीबाबांनी तोंड फिरवलं. वाइसाके वाकून बराच वेळ बघत होता. म्हणाला, दाजी, कनिकनी अंगभर येते, तुमची एकाच जागी गोल गोल फिरतेय, रस्ता चुकली का? जळतो मेला.

६ जुलै, रविवार
चर्चच्या कॉयरची गाण्याची स्पर्धा पुढच्या महिन्यात राजधानीत, सुवाला. बायकांनी सगळ्यांसाठी नवे काळे सुलु शिवलेत. कमरेला गुंडाळायचे, त्यामुळे मापाची भानगड नाही. ज्याच्या हाती जो येईल तो त्याचा. चर्चच्या पेटीत ठेवले. किल्ली माझ्याकडे, कारण कॉयरमास्तर मी. एक सुलु घरी आणला. कापड घामात कसं टिकतं ते कुणीतरी पाहायला नको?

११ जुलै
कापड टिकतं. रोज नेसतोय, दालोच्या, म्हणजे अळूकंदाच्या, शेतावरसुद्धा. चट्टा वाढला. मधे साफ, कडेला लाल. आणखी एक मांडीत उतरलाय. कनिकनीवर उपाय एकच, यंगोना बंद. आजपासून थेंब नाही. शब्द म्हणजे शब्द.

१२ जुलै
शेजारच्या गावचे पाहुणे आले. पाहुण्यांसमोर वाटी नाकारणं म्हणजे त्यांचा अपमान. उद्यापासून.

१५ जुलै
बायको तोकासा म्हणते, नर्सिंग स्टेशनवर जा, सिस्टर उनाइसीला दाखव. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी? तोकासा म्हणाली, एवढीशी असती तर जेवताना दोन्ही हात ताटात दिसले असते. 
घरात पुतण्याची जुनी ट्यूब सापडली. नाव पुसलंय. लावली.

१८ जुलै
चमत्कार. लाली गेली, खाज गेली. सुलु पेटीत परत ठेवला. धुवायला वेळ नव्हता. आणि नेसला होता मीच, परका कुणी नाही.

२० जुलै, रविवार
सुलु नेसून प्रॅक्टिस, संपली की सुलु परत एकाच पेटीत. काय दिसतात सगळे! वाइसाकेचा सुरुवातीचा खर्जातला बेस ऐकून अंगावर काटा आला. त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुवाला दुसऱ्या मुलीकडे असतात. फक्त त्याचं गाणं ऐकायला स्पर्धेच्या हॉलवर येणार आहेत.
चट्टा परत आलाय. आता कडा दिसत नाही, पण पसरलाय बराच.

२७ जुलै, रविवार
प्रॅक्टिसला बेसवाले खाजवतात. टेनर, म्हणजे वरच्या सुरातले, तेही. ताल चुकतो.

२९ जुलै
सिस्टर उनाइसी चर्चमध्ये आली. सगळ्यांना रांगेत उभं करून तपासलं. म्हणाली, ही कनिकनी नाही, फंगस आहे. कपड्यातून, टॉवेलमधून, चटईवरून पसरतं. क्रीम सकाळ-संध्याकाळ, चट्ट्याच्या थोडं बाहेरपर्यंत लावायचं, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. अंग कोरडं ठेवा. कपडे गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. आणि घरात पडलेली खाजेची कुठलीही ट्यूब लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने फंगस वरून लपतं आणि आतून पोसतं.
मी रांगेत उभा राहिलो नाही. मास्तरच रांगेत गेला तर शिस्त राहत नाही.
मग तिने विचारलं, पहिल्यांदा कुणाला झालं? मी भजनांची पुस्तकं नीट लावायला खाली वाकलो. वाकलेलाच होतो, तेवढ्यात वाइसाके म्हणाला, मलाच झालं असणार. सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

३१ जुलै
चर्चच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, वाइसाकेने यंदा गायचं नाही. सुवाला यावं, पण प्रेक्षकांत बसावं.
उद्या जाऊन खरं सांगतो.

१ ऑगस्ट
गेलो होतो. तो जाळं विणत होता. मला बघून म्हणाला, या दाजी, आज दोन्ही हात मोकळे? दोन मासे बांधून दिले. मासे हातात घेऊन कसं सांगणार? घरी आलो.  लाज वाटते. खरंच वाटते.

५ ऑगस्ट
तोकासाने सिस्टरकडून क्रीम आणलं. लावतोय. वाइसाकेला स्पर्धेआधी नक्की सांगायचं.

८ ऑगस्ट
खाज थांबली. म्हणजे बरा झालो. क्रीम बंद; उगाच सरकारी औषध वाया घालवू नये. बाकीचे अजून लावतात, बिचारे. वाइसाकेला सांगायचं राहिलं. आता स्पर्धा तोंडावर असताना कॉयरचं मन कशाला विचलित करा?

१६ ऑगस्ट, सुवा
कॉयरमास्तरचं तोंड कॉयरकडे, पाठ परीक्षकांकडे. हे मी विसरलो.
दुसऱ्या कडव्यात खाज उठली. डावा हात आपोआप मागे गेला. डावा हात टेनरचा. हात दिसेना म्हणून टेनर थांबले. ते थांबले म्हणून बेस थांबला. मी मात्र थांबू शकलो नाही. परीक्षकांनी लिहिलं, मास्तरांचा डावा हात अन्यत्र व्यस्त होता. नंबर शेवटचा.
बाहेर सासूबाई भेटल्या. म्हणाल्या, जावईबापू, माझ्या मुलाला खाली बसवलंत, आणि तुम्ही वर उभे राहून हे केलंत?

१८ ऑगस्ट
यंगोनाचं मूळ घेऊन वाइसाकेच्या दारात गेलो. माफी मागायची ती रीतीने. चटईवर बसलो, मूळ पुढे ठेवलं, मान खाली घालून सगळं सांगितलं. सुलु, पेटी, ट्यूब, सगळं.
तो म्हणाला, दाजी, गावाला माहीत आहे. तुम्हीच नाही का सुलु सरकवून सगळ्यांना दाखवलं?
मग अंगावर का घेतलंस, मी विचारलं. म्हणाला, तुम्हाला घरी बसवलं असतं तर हात कोण हलवणार होतं? बेस काय, दुसराही कुणी गाईल. वडीलधाऱ्यांना मीच पटवलं. आईला तेवढं सांगता आलं नाही.
मी रडलो. त्याने मूळ स्वीकारलं, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. एकाच वाटीतून प्यायलो.
मन हलकं झालं. क्रीम आजपासून परत सुरू, दोन्ही वेळा. निघालो. फाटकापाशी वळून हात केला.
वाइसाकेची बायको मी बसलो होतो ती चटई दोन बोटांनी धरून उन्हात टाकत होती.