चपलांची रांग

शनिवार, संध्याकाळ

आम्हा मास्तरांची दर महिन्याची शिक्षण परिषद या खेपेला शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती. आमच्यासारखीच दोन खोल्यांची शाळा, पण वर्गाबाहेर पोरांच्या चपला एका रांगेत! एका पोरीला विचारलं, "आज साहेब येणार म्हणून लावल्या का गं?"

"न्हाई सर, रोजच लावतो."

जळफळाट झाला नुसता. चपलाच तर आहेत, त्यात काय एवढं? मंग मी वर्षभर ओरडून आमच्याकडं का लागत न्हाईत?

रांगेत एकच जोडी वाकडी होती. तिथल्या सुनीता मॅडमनी ती सरळ केली अन् हसल्या, "आमच्या लेकाची आहे."

लेकाला स्वतःच्याच शाळेत घातलंय!

घरी आलो. दारात माझ्या पोराचे बूट पडलेले, भोकरदनच्या इंग्रजी शाळेचे. एक इकडं, एक तिकडं.