सूज, सुज, फुग

मंगळवार, संध्याकाळ

शांताक्कांची म्हैस बरी आहे. आधी हेच लिहिते.

सकाळी जयसिंगपुरात तिला टोचायला सुई भरली, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मागं ह्याच औषधानं हिचं तोंड सुजलतं की!" लॅपटॉपवरच्या माझ्या नोंदींत 'सूज' शोधलं. काहीच नाही. टोचणारच होते, पण अक्का मधनं हलेनात. मग पन्हाळ्याच्या विनयला, माझ्या वर्गमित्राला, फोन केला. तो म्हणाला, "'सूज' शोधून 'सुजलं', 'फुगलं' सापडायचं नाही. ग्रेपला -E लावून तिन्ही शब्द एकदम दे, मधे उभ्या रेघा." सूज, सुज, फुग. फायलींत शब्द शोधणाऱ्या त्या कमांडनं सगळ्या फायली क्षणात चाळल्या आणि सापडलं, माझ्याच हातचं: 'तोंड फुगलं, हे औषध नको.' मीच लिहून विसरले कशी?

औषध बदललं. विनयला तिथल्या तिथं थँक्यू म्हटलं. अक्कांना म्हणायचं राहूनच गेलं. उद्या आधी तिकडं जाते.